माळ्याची कात्री

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उंसाच्या फडांमध्यें, माझ्या एका स्नेह्यांचा बंगला आहे. हे गृहस्थ चार वर्षांपूर्वीं इंग्लंडांत मुलाकडे सहा महिने राहून आले, आणि परत येतांना एक वेड बरोबर घेऊन आले. तेथील एका जुन्या वाड्याच्या बागेंत त्यांनीं सोनेरी यूचीं झाडें पाहिलीं होतीं; कोणी मोराच्या आकाराचें, कोणी छत्रीच्या, तर कोणी बुद्धिबळांतील वजिराच्या. बारा महिने पानें न गाळणारा वृक्ष, त्याची कोंवळी पालवी सोन्यासारखी पिवळी, आणि तो कात्रीनें असा कोरलेला कीं जणूं ओतीव मूर्तीच! आपल्या अंगणांत असा एक मोर हवा, हें त्यांच्या मनानें घेतलें.

थंड हवेच्या प्रदेशांतून मोठ्या खटपटीनें आणविलेलीं तीन रोपें त्यांनीं पावसाळ्यांत लाविलीं. दिवाळीपर्यंत तीं तग धरून होतीं. चैत्रांत आमच्याकडील ऊन तापूं लागलें तेव्हां त्यांच्यावर गोणपाटाचा मांडव घातला, दिवसांतून दोनदां पाणी शिंपडलें. परंतु वैशाख सरण्यापूर्वींच तिन्ही रोपें वाळून गेलीं. तेव्हां त्यांच्या माळ्यानें, उभा जन्म ह्याच मुलखांत काढलेल्या साठीच्या माणसानें, शांतपणें सुचविलें, "साहेब, त्यापरास दुरांता लावा. ती बी पिवळीच असती." मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील ही दुरांता आतां आपल्याकडे प्रत्येक कचेरीच्या आणि शाळेच्या कुंपणाशीं दिसते. ती लागली, फोफावली, आणि दोन वर्षांत तिचा मोर झाला. स्नेह्यांचें समाधान झालें.

एके दिवशीं संध्याकाळीं मी तेथें गेलों तेव्हां माळी मोराची मान कातरीत होता. खालीं पडलेले पिवळे शेंडे मीं सहज उचलून पाहिले, तों त्यांच्या टोंकांशीं बारीक कळ्या धरूं लागल्या होत्या. दुरांतेला निळींजांभळीं फुलें येतात आणि त्यांच्यामागून मण्यांसारखीं पिवळीं फळें लोंबतात, हें मला ठाऊक होतें. पण ह्या बागेंत तीं मीं कधींच पाहिलीं नव्हतीं. कसें दिसणार? फूल येतें तें नव्या शेंड्यावर, आणि शेंडा तर दर पंधरवड्यास कात्रीखालीं जातो. मीं माळ्याला विचारलें, "काय हो मामा, झाडाला हें आवडत असेल काय?" तो हंसला आणि म्हणाला, "सर, झाडाला इचारलं तर ते नकोच म्हणंल. पण लेकरू बी आंघोळीला नकोच म्हणतंय की."

उत्तर मोठें मार्मिक होतें. मीहि हंसलों. परंतु घरीं परततांना एक शंका मनांत शिरली ती कांहीं केल्या निघेना. आंघोळ लेंकराच्या हिताची असते. मोर होणें झाडाच्या हिताचें आहे काय?

झाडें कातरून त्यांना आकार देण्याची कला फार जुनी आहे. धाकट्या प्लिनी ह्या रोमन लेखकानें आपल्या एका पत्रांत स्वतःच्या ग्रामीण बंगल्याच्या बागेचें वर्णन केलें आहे. तींत बॉक्स नांवाच्या झुडपांचीं जनावरें कोरलेलीं होतीं, आणि कांहीं ठिकाणीं त्याच झुडपांचीं अक्षरें करून कोठें धन्याचें तर कोठें माळ्याचें नांव उमटविलेलें होतें. इंग्लंडांत कंब्रिया परगण्यांतील लेव्हन्स हॉल येथील बाग १६९० नंतरच्या दशकांत आंखली गेली; तींतील कोरीव यू आज तीन शतकांनंतरहि उभे आहेत. इतकें दूर कशाला? मुंबईस मलबार टेकडीवर पाण्याच्या टांकीच्या माथ्यावर १८८१ सालीं केलेलें, हँगिंग गार्डन ह्या नांवानें सर्वांस परिचित असलेलें फिरोजशहा मेहता उद्यान आहे. तेथील झुडपांचीं जनावरें पाहण्यासाठीं वडिलांचें बोट धरून न गेलेला मराठी मनुष्य मुंबईंत विरळाच.

ह्या कलेवरील टीकाहि जुनी आहे. बेकननें १६२५ सालच्या आपल्या बागांवरील निबंधांत अशा कोरीव आकृति पोरांच्या करमणुकीच्या म्हणून बाजूस सारल्या. पोप कवीनें १७१३ सालीं 'गार्डियन' पत्रांत अशा झाडांची लुटुपुटीची विक्रीयादी देऊन त्यांची टर उडविली. परंतु ह्या दोघांचाहि आक्षेप रुचीचा होता. त्यांना तें ओंगळ वाटलें, एवढेंच. मला छळणारा प्रश्न निराळा होता. एका सजीव वस्तूची वाढ दुसऱ्यानें आपल्या मनांतील आकृतीप्रमाणें वळवावी, ह्यांत कांहीं अन्याय आहे काय? आणि असल्यास तो नेमका कोठें आहे?

प्रथम सुचणारें उत्तर वेदनेचें. आचार्य जगदीशचंद्र बसू ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सूक्ष्म यंत्रांच्या साहाय्यानें वनस्पति आघातास प्रतिसाद देतात हें दाखविलें, तेव्हांपासून आपल्याकडील भाविक मनाला प्रत्येक कात्रींत क्रौर्य दिसूं लागलें. पण प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे; वेदना जाणण्यास लागणारी मज्जासंस्था झाडाला नाहीं. शिवाय यूचा अनुभव उलटच आहे. बहुतेक सूचिपर्णी वृक्ष जुन्या लाकडापर्यंत छाटले तर पुन्हा फुटत नाहींत. यू मात्र फुटतो, दाटतो आणि शतकानुशतकें जगतो. कात्रीनें त्याचें आयुष्य तोडल्याचा पुरावा नाहीं. तेव्हां वेदनेच्या नांवानें माळ्यावर फिर्याद लावतां येत नाहीं.

दुसरें उत्तर हेतूचें. कोणी म्हणेल कीं, उपयोगासाठीं छाटणें न्याय्य, शोभेसाठीं छाटणें अन्याय्य. आमच्या इंदापूर-बारामतीच्या शेतकऱ्याच्या हातांत तर कात्री नित्याचीच. द्राक्षाच्या मळ्यांत एप्रिलांत खरड छाटणी होते. वेल जवळजवळ बोडकी करून तिला नव्या काड्या फोडावयास लावतात. ऑक्टोबरांत पुन्हा फळछाटणी. डाळिंबाची गोष्ट आणखी कठोर. बहार धरण्यासाठीं त्याचें पाणी तोडतात, त्याला ताण देतात. तहानेनें झाड पानें टाकतें, मग त्याची हलकी छाटणी करून पाणी सोडतात आणि तें अंगभर फुलतें. ह्याला कोणी अन्याय म्हणत नाहीं, कारण शेवटीं झाड फळतें. पण ही फळें झाडाच्या हिताचीं आहेत, हा आपला भ्रम आहे. द्राक्षाची वेल मोकळी सुटली तर शेजारच्या झाडावर चढेल आणि बीं धरून पांखरांच्या चोंचींतून रानोमाळ पसरेल. बिनबियांच्या द्राक्षांचे टपोरे घोंस ही तिची इच्छा नव्हे, आपली आहे. उपयोग तो आपलाच आणि शोभाहि आपलीच.

आणि उपयोगाची कात्री शोभेच्या कात्रीपेक्षां सौम्य असते असेंहि नाहीं. ह्याच यूच्या कुळांतील एका अमेरिकन वृक्षाच्या सालींत कर्करोगावर गुणकारी असें टॅक्सॉल नांवाचें द्रव्य सांपडलें. त्याची रचना १९७१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १९९२ सालीं अमेरिकेंत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. रोग्यांना संजीवनी लाभली हें खरेंच. परंतु मागणी वाढतांच हिमालयांतील यू, ज्याला गढवालांत थुनेर म्हणतात, साल आणि पानें ह्यांसाठीं असा ओरबाडला गेला कीं आज तो धोक्यांतील वृक्षांत गणला जातो. शोभेसाठीं ज्याला मोर केला तो तीनशें वर्षें उभा राहिला. उपयोगासाठीं ज्याला हात लावला तो नाहींसा होऊं लागला. तेव्हां शोभा आणि उपयोग ह्यांच्या तराजूनेंहि हा प्रश्न तोलतां येत नाहीं.

मग माझ्या मनाला खुपत होतें तें काय? ह्याचें उत्तर मला त्या माळ्याच्याच तोंडून कळलें, तें असें. सोनेरी झाडाचें सोनें म्हणजे वस्तुतः एक उणीव होय. पानाला हिरवें करणारें आणि त्याचें अन्न शिजविणारें द्रव्य कोंवळ्या पानांत कमी पडतें, म्हणून तीं पिवळीं दिसतात. अशीं झाडें बियांपासून बहुधा तशींच निपजत नाहींत; कलमें व फांट्या लावूनच तीं जपावीं लागतात. आणि कधीं कधीं ह्या पिवळ्या झाडाला एखादी फांदी निखळ हिरवी फुटते. झाडाच्या दृष्टीनें ती सर्वांत निरोगी फांदी. ती अधिक अन्न शिजविते, जोमानें वाढते, आणि तशीच राहूं दिली तर सगळें झाड हिरवें करून टाकते. माळी मला म्हणाला, "असली फांदी दिसली की बुडातनं काढावी लागती, सर. नाहीतर मोर खराब हुतो."

हें वाक्य ऐकलें आणि मला एकाएकीं एका मुलाची आठवण झाली.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय शिकविण्याचा आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं इंदापुराकडील एका धनगर कुटुंबांतील मुलगा आमच्या महाविद्यालयांत पहिल्या वर्गांत आला. निबंधाचा विषय होता 'पाऊस'. इतर मुलांनीं मेघगर्जना, सृष्टीचा हिरवा शालू वगैरे ठरलेलें सामान मांडलें होतें. ह्या मुलानें लिहिलें होतें तें आपल्या वडिलांविषयीं. दिवाळी झाली कीं मेंढरें घेऊन घाट उतरून कोंकणांत जावयाचें, तेथील शेतांत रात्रीं मेंढरें बसवावयाचीं, त्या खताच्या मोबदल्यांत धान्य घ्यावयाचें, आणि पाऊस लागण्यापूर्वीं पुन्हा घाट चढून आपल्या कोरड्या माळावर परत यावयाचें. म्हणजे ज्याच्या मुलखांत पाऊस नाहीं म्हणून जो हिंडतो, त्यालाच दुसऱ्याच्या मुलखांतल्या पावसापासून पळून यावें लागतें. निबंधांत शुद्धलेखनाच्या चुका होत्या, वाक्यें अर्धवट होतीं, शब्द सगळे वाड्यावरचे; वाडा म्हणजे धनगरांचा तळ, हें मलाहि समासांत लिहून ठेवावें लागलें.

मीं काय केलें? मला तो मुलगा हुशार वाटला, म्हणूनच मीं त्याच्यावर अधिक मेहनत घेतली. वाड्यावरचे शब्द काढविले. वाक्यें पुरीं करविलीं. सुरुवातीस प्रस्तावना आणि शेवटीं तात्पर्य घालावयास शिकविलें. बापाची गोष्ट विषयाला सोडून आहे, असा शेरा लाल शाईनें मारल्याचें मला आजहि स्पष्ट आठवतें. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याचा निबंध इतका नेटका झाला कीं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेंत त्याला बक्षीस मिळालें. मला अभिमान वाटला. माझा मोर तयार झाला होता.

तीन वर्षांपूर्वीं इंदापूरच्या एस्. टी. स्थानकावर तो मला भेटला. चांगल्या सरकारी नोकरींत आहे. वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुमच्यामुळं लिहायला शिकलो. आता कचेरीत माझ्या टिपणात कुणाला चूक सापडत नाही." मीं आनंदानें विचारलें, "आणि स्वतःचें कांहीं लिहितोस कीं नाहीं?" तो क्षणभर थांबला. मग अगदीं साधेपणानें म्हणाला, "नाही सर. कधीकधी बसतो लिहायला. पण वाक्य मनात आलं की आधी त्यातली चूकच दिसते."

त्याच्या बोलण्यांत तक्रारीचा लेशहि नव्हता, आणि म्हणूनच तें माझ्या जिव्हारीं लागलें. ती हिरवी फांदी मीं बुडांतून काढली होती; पण त्यापेक्षां वाईट म्हणजे, कात्री मीं त्याच्याच हातांत देऊन ठेवली होती.

झाड आणि मनुष्य ह्यांमधील भेद मला येथें दिसतो. झाडानें कात्रीला कधींच होकार दिलेला नसतो. माळी चार महिने आजारी पडला तर मोराची मान प्रथम वाढते, मग चोंच हरवते, आणि दोन पावसाळ्यांत मोर कोठें होता हें सांगतां येत नाहीं. झाड आपला आकार विसरलेलें नसतें. तें केवळ थांबलेलें असतें. मनुष्याचें तसें नाहीं. त्याला आकार देणारा आई, बाप, गुरु, समाज कोणीहि असो, त्याची कात्री मनुष्य हळूहळू स्वतःच्या आंत घेतो आणि माळी निघून गेल्यावरहि स्वतःस कातरीत बसतो. म्हणून झाड कातरण्यांत जो अन्याय असेल तो लहान आहे आणि भरून येणारा आहे. मनुष्याच्या बाबतींत तोच अन्याय खोल जातो, कारण तेथें पीडित स्वतःच होकार देतो आणि वर आभारहि मानतो.

यावर कोणी म्हणेल, "मग काय, मुलांना जंगलासारखें वाढूं द्यावयाचें? व्याकरण नको, शिस्त नको, संस्कार नकोत?" हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, आणि त्याचें उत्तर शोधण्यास मला बारामती सोडून जावें लागत नाहीं. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेले आणि पुढें बाबूजी नाईकांच्या आश्रयास येऊन बारामतीस स्थायिक झालेले मोरोपंत १७९४ सालीं येथेंच निवर्तले. भाषेला कात्री लावण्यांत ह्या पुरुषाचा हात धरणारा मराठींत दुसरा झाला नाहीं. आर्या वृत्ताच्या घट्ट चौकटींत त्यांनीं महाभारत बसविलें. रामायणें तर परंपरेप्रमाणें एकशें आठ रचिलीं. प्रत्येकास निराळें बंधन, आणि त्यांपैकीं निरोष्ठ रामायणांत तर ओंठांनीं उच्चारावयाचें एकहि अक्षर येऊं दिलें नाहीं. ह्याला कोणी कोरीव झुडूप म्हणाला तर मी भांडणार नाहीं. बेकन असता तर त्यानें हेंहि पोरांच्या करमणुकींतच जमा केलें असतें.

परंतु त्याच हातानें 'केकावलि' लिहिली. केका म्हणजे मोराची आरोळी. तेथेंहि वृत्त आहे, यमक आहे, शब्दांची कलाकुसर आहे. आणि तरीहि त्या आकाराच्या आंतून एक भ्यालेला, दीन, देवाला हांक मारणारा मनुष्य ऐकूं येतो. आमच्या स्नेह्यांच्या अंगणांतील मोर कधीं ओरडत नाहीं. पंतांचा मोर ओरडतो. दोन्ही आकार सारखेच घट्ट असतां हा फरक कां पडावा? मला वाटतें, पंतांना प्रथम ओरडावयाचें होतें. बंधन त्यांनीं आपल्या आरोळीसाठीं स्वतः पत्करलें, आणि तें मोडण्याची ताकद अंगीं असतां पाळलें. माझ्या विद्यार्थ्याजवळहि आरोळी होती. मीं मात्र तिला आकार देण्याऐवजीं ती विषयाला सोडून आहे असें ठरविलें, आणि मग रिकाम्या जागेला आकार दिला.

तेव्हां आकार देणें हा अन्याय नव्हे. लेंकराला न विचारतां त्याला भाषा द्यावी लागते, आंघोळ घालावी लागते, खोटें बोलूं नये हें शिकवावें लागतें. माळ्याचें म्हणणें तितक्यापुरतें खरेंच आहे. अन्याय घडतो तो आपल्या मनांतील चित्राच्या प्रेमांत पडून त्या जिवाचा जोमच दोष म्हणून ओळखण्यांत. पिवळ्या झाडावरील हिरवी फांदी काढणारा माळी क्षम्य आहे, कारण आपण कोणाच्या अंगणांत, कोणासाठीं, काय करतों आहों हें त्याला पुरेपूर ठाऊक असतें. झाडाच्या कल्याणासाठीं तें करीत आहें, असें तो स्वतःला सांगत नाहीं. आम्हां शिक्षकांचें आणि आईबापांचें पाप हें कीं आपल्या आवडीला आपण त्यांचें हित असें नांव देतों. आमच्या मुलखांतील उघडा माळ पाहून परक्यास तो ओसाड वाटतो आणि त्यावर झाडें लावण्याची त्याला घाई होते. पण सुप्याजवळ १९९७ सालीं राखून ठेवलेल्या मयूरेश्वर अभयारण्यांत चिंकारा हरणें नांदतात तीं ह्याच गवताच्या आणि खुरट्या झुडपांच्या आधारानें. ओसाड दिसतें तें ओसाड असतेंच असें नाहीं. आणि चूक दिसते ती चूकच असते असेंहि नाहीं.

बागकामाचा एक जुना दंडक आहे. जीं झुडपें जुन्या फांदीवर फुलतात, त्यांची छाटणी तीं फुलून गेल्यावर करावी. आधीं केली तर त्या वर्षाचीं फुलें गेलीं. अलीकडे मीं हा दंडक वर्गांत लागू केला आहे. मुलाच्या पहिल्या लिखाणावर मी लाल शाई लावीत नाहीं. तें वाचतों, त्यांत काय म्हणावयाचें आहे तें त्याच्याकडून ऐकून घेतों, आणि दुसऱ्या खेपेस व्याकरणाकडे वळतों. ह्यानें माझे सगळे विद्यार्थी लेखक झाले नाहींत. कांहींचें शुद्धलेखन तर पूर्वीपेक्षां बिघडलें, आणि त्याबद्दल सहकाऱ्यांचे टोमणेहि मी ऐकतों. स्थानकावर भेटलेल्या त्या विद्यार्थ्याला मीं पत्र लिहून त्याच्या वडिलांची हकीकत, जशी सुचेल तशी, चुकांसकट, मला लिहून पाठविण्याची विनंति केली. पुष्कळ दिवसांनीं उत्तर आलें. पत्र एका पानाचें होतें आणि त्यांत एकहि चूक नव्हती.

गेल्या पावसाळ्यांत माझे स्नेही पुन्हा मुलाकडे गेले आणि तीन महिन्यांनीं परतले. अंगणांत मोर नव्हता. त्याच्या जागीं एक अस्ताव्यस्त झुडूप होतें, निळ्या फुलांच्या झुपक्यांनीं वांकलेलें, आणि त्यावर फुलपांखरें भिरभिरत होतीं. त्यांनीं कपाळाला आंठ्या घालून माळ्याकडे पाहिलें. माळ्यानें कात्री खांद्यावरून खालीं घेतली आणि माझ्याकडे पाहिलें.

मीं म्हटलें, "दसऱ्यापर्यंत असूं द्या."